जोतिबांचं नाव मंडईला, ओटा कुणाला?

गेल्या महिन्यात विहारात बैठक झाली. विषय एकच. गावातली जुनी मंडई पाडून तिथं सहा मजली व्यापारी संकुल उभं करायचं, असा ठराव नगरपालिकेपुढं आलाय. आपण काय भूमिका घ्यायची? बोलायला उठले ते सगळे विशी-पंचविशीतले, माझ्याच वयाचे, माझेच दोस्त. एक जण म्हणाला, "पडू दे की! इंग्रजानं बांधली, दलाल-सावकारांनी वापरली. आपल्या बापजाद्यांना तिथं कधी ओटा मिळाला? मग ती पडली तर आपल्या डोळ्यांत पाणी कशाला?" टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवायला हात उचलला आणि हात तसाच राहिला. कारण माझी आई त्या मंडईच्या पायरीवर बसते.

पायरीवर. आत नाही.

आत दगडी ओटे आहेत, बिडाचे खांब आहेत, वर मंगळुरी कौलं आणि हवा खेळायला लाकडी झडपा आहेत. ओट्यांचे परवाने बापाकडून लेकाकडं गेलेले. माझ्या आईकडं गोणपाट आहे. त्यावर लिंबं, आलं, मिरची, कढीपत्ता. तिच्याआधी त्याच जागी माझी आजी बसायची. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं मंडईतल्या नळाला आजीनं हात लावलेला चालत नव्हता. कुणीतरी वरून ओतायचं, ती ओंजळ धरायची. महाडच्या तळ्यावर बाबासाहेब १९२७ साली गेले. आमच्या मंडईतला नळ आजीपर्यंत पोचायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं लागली. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आजी सांगायची, आणि सांगताना ओंजळ करून दाखवायची.

तेव्हा दोस्तांनो, त्या इमारतीचा राग मला तुमच्याइतकाच येतो. पण राग कुणावर काढायचा, दगडावर का दगडाच्या मालकीवर, हे ठरवल्याशिवाय टाळ्या वाजवू नका. मंडई पडली की पहिल्यांदा कोण जाणार? ओटेवाल्यांना नव्या संकुलात गाळे मिळतील, तळघरात का होईना, पण मिळतील. त्यांची नावं रजिस्टरात आहेत. पायरीवाल्यांची नावं कशातच नाहीत. नकाशात पायरी दाखवतात, पायरीवरचं माणूस दाखवत नाहीत. पावसाळ्यात ज्या वळचणीखाली माझी आई बसते ती वळचण कुठल्या टेंडरात लिहिली आहे? मंडई पाडली तर दलाल मरणार नाही, वाणी मरणार नाही. मरेल ती पायरी.

आता दुसरी बाजू ऐका.

गावात मंडई वाचवा म्हणणारी मंडळीही आहेत. वास्तुविशारद, प्राध्यापक, कॅमेरे घेऊन फिरणारी चांगल्या घरची पोरं. त्यांनी सह्यांची मोहीम काढली. त्यांचा एक शब्द आहे, सर्जनशील पुनर्वापर. म्हणजे जुनी इमारत पाडायची नाही, तिला नवं काम द्यायचं. शब्द चांगला आहे. शब्दाशी माझं भांडण नाही. पण त्यांच्या कागदावर ते नवं काम काय लिहिलंय ते वाचा. कलादालन. हस्तकलेची दुकानं. कॉफीचं हॉटेल. शनिवारी संध्याकाळी गाण्याची बैठक. एके दिवशी त्यांच्यातला एक जण फोटो काढायला आला. आईला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला सरका ना, कमानीचा फोटो हवाय." आई टोपली उचलून सरकली. तिला काय, ती जन्मभर सरकतच आलीये. मी मात्र त्या दिवशी समजलो, यांना मंडई वाचवायचीये, मंडईतली माणसं नाही. त्यांच्या फोटोत कमान स्वच्छ आली असेल.

तर एकीकडं पाडणारे, दुसरीकडं असे वाचवणारे. दोघांच्याही नकाशात आपण नाही. मग आपण काय म्हणायचं? माझं म्हणणं सरळ आहे. मंडई पडू द्यायची नाही, आणि आपल्याशिवाय वाचूही द्यायची नाही. तिचा नवा वापर काय, हे पायरीवरच्या बायांनी आणि वस्तीतल्या पोरांनी ठरवायचं. आणि हे मी माझ्या डोक्यातनं काढलेलं नाही. हा हिशेब जोतिबांनी मांडून ठेवलाय.

महाराष्ट्रातल्या दोन सगळ्यात नावाजलेल्या मंडयांना जोतिबांचं नाव आहे. एक पुण्याची, एक मुंबईची. दोन्हींची कूळकथा ऐका.

पुण्यात पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानात भरायचा. नगरपालिकेनं ठरवलं, मोठी दगडी मंडई बांधू. जोतिबा १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. गोरगरिबांच्या पोरांना शाळा नाहीत, तो पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. हा माणूस बांधकामाचा दुस्वास करणारा नव्हता. त्यानं स्वतः कंत्राटदारी केली होती, खडकवासल्याच्या धरणाचं काम जवळून पाहिलं होतं. भाजीबाजारही त्याला परका नव्हता, त्याच्या वडिलांचं पुण्यात भाजीचं दुकान होतं. म्हणजे दगड आणि भाजी दोन्ही कळणारा माणूस विचारत होता की पैसा कुणाचा आणि चैन कुणाची? एकदा व्हाइसरॉय पुण्याला यायचा होता. त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचे ठरले. तेव्हाही हेच झालं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणत सगळ्या सभासदांत एकट्या जोतिबांनी विरुद्ध मत दिलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढंही त्यांनी तेच सांगितलं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिकतात वरच्या जातींची पोरं.

जोतिबांचं कुणी ऐकलं नाही. मंडई उभी राहिली. मधे अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेल्या आठ बाजू. १८८६ साली ती सुरू झाली आणि तिला नाव दिलं गव्हर्नराचं, रे मार्केट. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचं नाव! काही लोक याला गमतीनं घेतात. मला यात गंमत दिसत नाही. मला यात न फेडलेलं कर्ज दिसतं. त्यांनी शाळा मागितली, आपण त्यांना पाटी दिली.

मुंबईची मंडई १८६९ ची. पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, त्याचं नाव तिला होतं. नकाशा विल्यम इमर्सनचा, दरवाज्यावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. कुर्ल्याचा दगड, वसईचा तांबडा दगड. दरवाज्यावर दगडात शेतात राबणारी माणसं कोरलेली आहेत. डोकं वर केलं की दिसतात. पण तो दगड फोडला कुणी, वाहिला कुणी, त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? कमिशनरचं नाव आहे, वास्तुविशारदाचं आहे, शिल्पकाराचं आहे. घणाचा घाव घालणाऱ्याचं नाही. आणि आजही सरकारी पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई आणि लोकांच्या तोंडात क्रॉफर्ड मार्केट. नाव बदलणं सोपं असतं. पाटी बदलली की सभा होते, हार पडतात, फोटो छापून येतो. आतली व्यवस्था पाटीनं बदलत नाही.

आता माझा बैठकीतला दोस्त म्हणेल, बघ, जोतिबांचाच विरोध होता, मग पाडा! नाही बाबा. जोतिबांचा विरोध गरिबाचा पैसा उधळण्याला होता. तो पैसा तेव्हा खर्च झाला. दगड उभे राहिले. आता ते दगड पाडून, मलबा वाहून, त्यावर नवं काँक्रीट ओतणं म्हणजे त्याच गरिबाच्या खिशात दुसऱ्यांदा हात घालणं. उलट ज्या इमारतीनं शाळेचा पैसा खाल्ला त्या इमारतीकडून आता शाळा वसूल करायची. मंडईचा खरा पुनर्वापर तोच. बाकीचं सगळं रंगरंगोटी.

पाडणाऱ्यांचा पहिला शब्द असतो 'धोकादायक'. या शब्दावर गिरणीतल्या माणसाला फसवणं अवघड आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तिसऱ्या पाळीला असतो. यंत्र आजारी कसं पाडतात ते मी बघतो. बेअरिंगला तेल द्यायचं नाही, मोडलेला सुटा भाग मागवायचा नाही, धागा तुटला की कामगाराला शिव्या द्यायच्या, आणि शेवटी म्हणायचं, यंत्र भंगारात काढा. आमच्या मंडईचं तसंच चाललंय. छपराच्या पन्हळीत पाला साचलाय, तो किती वर्षं काढलेला नाही. पाणी तुंबतं, भिंतीत मुरतं, लाकडी कैची कुजते. भिंतीला भेग पडली तेव्हा ठेकेदारानं वरून सिमेंट थापलं. चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापलं की आतला ओलावा बाहेर पडत नाही, आतल्या आत दगड-चुना भुसभुशीत होतो. हे मला मंडईची कौलं शाकारणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं. चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. त्याला एवढं कळतं, ते इंजिनियरला कळत नसेल? कळतं. पण दुरुस्तीत मलई नाही. पाडण्यात आहे.

म्हणून पहिलं काम. 'धोकादायक' म्हटलं की कागद मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, ज्याला सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, ती केली का? कुणी केली? तिच्यात वर्ग कुठला दिलाय? मुंबईत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ म्हणजे दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. दुरुस्त होणारी इमारत पाडायच्या यादीत कशी गेली, हे विचारायला माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. आम्ही अर्ज टाकलाय. उत्तर आलेलं नाही. अपील करू.

आणि वाचवणाऱ्यांपासूनही सावध राहायचं, तेही गिरणीनंच शिकवलंय. माझा आजा मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आजा गावाला आला तो कायमचा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना द्यायचा होता. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. कामगाराच्या वाट्याचा तुकडा असा कातरत नेला. आज लोअर परळला फिनिक्स मिलमध्ये मॉल आहे. चिमणी तशीच उभी ठेवलीये. बघायला छान दिसते. पण त्या चिमणीचा धूर ज्यांच्या छातीत गेला, त्यांच्या पोरांना तिथं जायचं तर कपडे झाडून, रखवालदाराच्या नजरेखालून जावं लागतं. तो जात विचारत नाही. चप्पल बघतो. हाही पुनर्वापरच होता. इमारतीचा पुनर्वापर आणि माणसाचा भंगारभाव.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. म्हणून थोडं बाहेरचंही सांगतो.

पॅरिसच्या मध्यभागी लोखंड आणि काचेची भव्य मंडई होती, लेज आल. १९६९ साली बाजार शहराबाहेर रंजिसला हलवला आणि १९७१ पासून ती मंडई पाडायला घेतली. लोकांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. तिथं कित्येक वर्षं नुसता खड्डा होता, मग जमिनीखाली दुकानांचं संकुल आलं. जुन्या मंडपांतला एक तेवढा उचलून दुसऱ्या गावी नेऊन उभा केला. म्हणजे पाडणारे जिंकले.

लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनचा भाजी-फुलांचा बाजार १९७४ ला नदीपलीकडं नाइन एल्म्सला गेला. भोवतालचा मोठा भाग पाडायचा बेत होता. तिथल्या रहिवाशांनी झगडून तो हाणून पाडला. मधली मंडई वाचली आणि १९८० ला दुरुस्त होऊन उघडली. पण आत काय आलं? फॅशनची दुकानं, खाण्यापिण्याची ठिकाणं, पर्यटक. छप्पर राहिलं, भाजीवाला गेला. आमच्या गावातल्या कॅमेरावाल्यांच्या मनात आहे ते हेच.

तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या सिएटल शहराची. पाइक प्लेस नावाची मंडई १९०७ साली सुरू झाली, शेतकऱ्यानं दलालाशिवाय थेट गिऱ्हाइकाला माल विकावा म्हणून. १९६० नंतर शहरानं ती पाडून तिथं ऑफिसं, हॉटेल आणि पार्किंग करायचं ठरवलं. व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाच्या वास्तुविशारदानं आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांकडं धाव घेतली. २ नोव्हेंबर १९७१ ला लोकांनी मतदान करून मंडई वाचवली. पण ते तिथं थांबले नाहीत, आणि म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची. १९७३ ला मंडई चालवायला एक सार्वजनिक संस्था केली. शेतकऱ्यांचे ओटे राखले. ठिकठिकाणी शाखा असलेल्या बड्या कंपन्यांच्या दुकानांना अटकाव केला. आणि त्याच मंडईच्या आवारात कमी मिळकतीच्या माणसांना घरं, दवाखाना, लहान मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं केंद्र, गरिबांना धान्य देणारी जागा, हे सगळं आणलं. भाजी खाली, शाळा आणि दवाखाना बाजूला. जोतिबांनी पुण्यात जे मागितलं होतं ते सात समुद्रापलीकडं, त्यांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी करून दाखवलं!

पण तिथलाही डाग लपवायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या मंडईतले निम्म्याहून जास्त ओटे जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचे होते. १९४२ साली सरकारनं त्यांना उचलून छावण्यांत कोंडलं. त्यांचे ओटे गेले, शेतं गेली, बहुतेकांना ते परत मिळाले नाहीत. म्हणजे मंडई वाचली तरी ओटा कुणाचा हा प्रश्न उरतोच. इमारत कुणाची बाजू घेत नाही. आत कोण बसणार हे ज्याच्या हातात, इमारत त्याची.

आता परत विहारातल्या बैठकीकडं येतो. दोस्त म्हणाला, आपल्याला इमारतींचं काय? मी त्याला एवढंच विचारतो, २०१६ चा जून विसरलास? २५ जूनच्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस पाडला. बाबासाहेबांचा छापखाना! अंधारात जेसीबी घातला. त्यानंतर जुलैमध्ये भर पावसात मुंबईत हजारोंचा मोर्चा निघाला. तू होतास त्यात. मी लहान होतो, काकाच्या खांद्याला खांदा लावून चाललो होतो. त्या दिवशी आपण कशासाठी रडलो? विटांसाठी? ज्या जागेत आपला शब्द छापला गेला ती जागा होती ती. आणि इंदू मिल? ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते त्या गिरणीत घुसले आणि बाबासाहेबांच्या स्मारकाला ती जमीन मिळेपर्यंत आपण सरकारचा पिच्छा सोडला नाही. बारा एकर. बंद पडलेल्या गिरणीच्या जागेला नवं काम आपण दिलं. तेव्हा कुणी प्राध्यापक आपल्याला सर्जनशील पुनर्वापर शिकवायला आला नव्हता. जागा मागायला आपल्याला येतं. जागा पाडल्यावर काय वाटतं तेही आपल्याला माहीत आहे. मग मंडईच्या वेळी आपण पाहुण्यासारखे का बोलतो?

कारण आपल्याला अजून आतून वाटतं की ती त्यांची आहे. इथंच घोटाळा आहे. सार्वजनिक हा शब्द आपण रक्त आटवून मिळवलाय. सार्वजनिक पैशानं बांधलेल्या जागा अस्पृश्यांना खुल्या करा, हा ठराव सी. के. बोल्यांनी १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात आणला, आणि त्याच ठरावाच्या बळावर महाडला पाऊल पडलं. राज्यघटनेचं कलम १५, पोटकलम २ वाचा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते, सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागा, इथं जातधर्माच्या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीच्या घटनेत दुकानाचं नाव आहे, दोस्तांनो! त्यांना बाजार माहीत होता. मंडई पालिकेची आहे तोवर माझी आई नगराध्यक्षाला उभं करून विचारू शकते, मला ओटा का नाही? उद्या तिथं खाजगी संकुल झालं की विचारणार कुणाला? 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' अशा करारावर तीस-तीस वर्षं जागा बिल्डरच्या ताब्यात जाते. सार्वजनिक जागा पडते तेव्हा आपला एक हक्क पडतो, त्याचा आवाज जेसीबीच्या आवाजात ऐकू येत नाही एवढंच.

आणखी एक कायदा सांगतो, तो फार थोड्यांनी वाचलाय. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करतायत तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वाचलंत? वारसा! कमानीमुळं नाही, मनोऱ्यामुळं नाही. माणसं बसत आली म्हणून वारसा. माझी आजी आणि आई मिळून पन्नास वर्षं त्या पायरीवर भरतात. म्हणजे कायद्याच्या भाषेत माझी आई वारसा आहे. कॅमेरावाल्या दादा, आता सरकायचं कुणी? त्याच कायद्यात शहर विक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बाया, आणि अनुसूचित जाती-जमातींना स्थान, असं लिहिलंय. आमच्या गावात ती समिती कागदावर आहे. तिच्यात एकही पायरीवाली नाही.

तर मागायचं काय? नुसतं नाही-नाही म्हणून चालणार नाही. नकाशा आपण काढायचा. मी काढलाय, वहीच्या पानावर, मोडका तोडका.

खालच्या ओट्यांवर भाजीच राहील. कॉफीचं हॉटेल नको, हस्तकला नको. परवाना आहे पण ओटा दुसऱ्याला भाड्यानं देऊन घरी बसलाय, अशा प्रत्येकाचा ओटा परत घ्यायचा आणि पायरीवरच्या बायांना चिठ्ठ्या टाकून द्यायचा. पहिल्यांदा पायरीवाल्यांची यादी करायची, नावानिशी. ती आपण सुरू केलीये, एकेचाळीस नावं झालीत.

मंडईला वर माळा आहे. मोठा, उजेडाचा, दोन्ही बाजूंनी खिडक्या. मी लहान असल्यापासून त्याला कुलूप आहे. आत मोडक्या तराजूंचा ढीग पडलाय. तिथं अभ्यासिका पाहिजे आणि वाचनालय पाहिजे, रात्री अकरापर्यंत उघडं. तिथं सावित्रीबाईंचं नाव लागू दे, पण आधी दिवे लागू देत, मग पाटी. माझी शाळा सातवीत सुटली. मी वाचायला शिकलो ते आईच्या रद्दीवर. मिरची बांधायला आणलेले पेपर मी पायरीवर बसून वाचायचो, आणि अर्धी बातमी झाली की आई तोच कागद फाडून गिऱ्हाइकाला द्यायची. कितीतरी बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. आता तिथं बसणाऱ्या बायांची पोरं तशीच अर्धी-अर्धी वाचतायत. त्यांच्या डोक्यावर दहा फुटांवर एक रिकामा माळा कुलपात आहे!

मागच्या गोदामात पाळणाघर पाहिजे. बायांना संडास पाहिजे, माझी आई पहाटे पाचला बसते आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाही, का ते समजून घ्या. झाडूवाल्यांना कपडे बदलायला, अंघोळीला जागा पाहिजे. मंडई रोज तेच धुतात आणि हात धुवायला रस्त्यावर जातात. आणि तो जुना नळ, ज्याच्याखाली आजीनं ओंजळ धरली, तो चालू करायचा. त्यावर छोटी पाटी लावायची. कुणाच्या मोठेपणाची नको. इथं काय होत होतं ते लिहायचं. वारसा जपायचाच तर पूर्ण जपा, कमानीबरोबर ओंजळही.

पैसा कुठनं येणार, असं विचारतील. छप्पर शाकारायला, पन्हळी साफ करायला आणि चुन्यानं भिंती दुरुस्त करायला लागणारा पैसा एका बाजूला मांडा आणि सहा मजले बांधायचा पैसा दुसऱ्या बाजूला. तराजू माळ्यावर पडलेतच.

ज्यांना सह्यांची मोहीम चालवायचीये त्या प्राध्यापक मंडळींशी आपलं वैर नाही. त्यांना नकाशा कळतो, चुना कळतो, कोर्ट कळतं. त्यांनी यावं. पण विहारात यावं, चटईवर बसावं, आणि पहिलं पायरीवरच्या बाईनं बोलावं, मग त्यांनी. सिएटलला वास्तुविशारद लोकांकडं गेला म्हणून मंडई वाचली.

आणि माझ्या दोस्ता, तू जो म्हणालास पडू दे, तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तुझा राग खरा आहे. ज्या घरात आपल्याला घेतलं नाही ते घर जळताना बघायला कुणालाही बरं वाटतं. पण घर जाळून रस्त्यावर राहतं कोण? आपणच ना. आपल्याला घर जाळायचं नाही. आपल्याला त्याची किल्ली पाहिजे. माळ्याच्या कुलपाची किल्ली नगरपालिकेच्या बाजार विभागातल्या टेबलाच्या खणात आहे, मी बघून आलोय. येत्या सोमवारी ठरावावर सभा आहे. सकाळी दहाला मंडईच्या पायरीवर जमायचं. बाया पुढं, आपण मागं. एकेचाळीस नावांची यादी आणि वहीतला नकाशा घेऊन जायचं आणि सांगायचं की जोतिबांचं कर्ज फेडा, नाहीतर त्यांचं नाव घेऊ नका.

माझी रात्रपाळी सातला सुटते. मी थेट तिथं येतो.

जय भीम!